संशोधन केंद्रावरची पंगत

दाजीपूरच्या जंगलाकाठी एका संशोधन केंद्रावर मी काही पावसाळे काढले. राधानगरी अभयारण्य गव्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भागही आहे. गव्याचा माग कसा ओळखावा, ऐन उन्हाळ्यात कोणत्या झऱ्याला पाणी टिकते, हे ज्या धनगर मामांनी आम्हाला शिकवले, ते जेवायला मात्र ओसरीवर वेगळे बसत आणि अहवालात त्यांचे नावही नसे. आमच्यापैकी कोणालाच हे खटकले नाही, याची मला आजही खंत वाटते. मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हते, म्हणून त्या पहाटेच्या पाहणीआधी पाणी पिणे टाळत.

शाहू महाराजांनी १९०२ साली करवीर (कोल्हापूर) संस्थानाच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या रिक्त जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, शिवाय कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारण्यास बळ दिले, कारण शाळेत प्रवेश मिळाला तरी खेड्यातले मूल शहरात राहणार कोठे, हा प्रश्न उरतच होता. रानातल्या केंद्रालाही हाच प्रश्न लागू पडतो: नुसता प्रवेश दिला, पण तिथे मानाने राहण्याची सोय आहे का?

पुढे आम्ही एकच पंगत धरली, स्वच्छतागृह बांधून घेतले आणि मामांना अहवालाचे सहलेखक केले. पहिली प्रत मी स्वतः धनगरवाड्यावर नेऊन दिली.