आमची वाटचाल: एके रेसिंगच्या आदर्शावर उभे राहिलेले मशीन शॉप

नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट शहराजवळ आमचे छोटे मशीन शॉप आहे आणि जुन्या स्टॉक कारच्या (नेहमीच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांच्या) गिअरबॉक्सचे भाग तयार करणे हे आमचे मुख्य काम आहे. मोठ्या कंपनीतील नोकरी सोडताना आमच्यासमोर आदर्श होता तो एके रेसिंग या आज अस्तित्वात नसलेल्या मोटार शर्यतींच्या संघाचा.

या संघाचे संस्थापक ॲलन कुल्विकी हे विस्कॉन्सिनचे मेकॅनिकल इंजिनिअर. घरचे बरेचसे सामान विकून ते शार्लटला आले आणि १९८६ मध्ये, एक गाडी व दोन इंजिने एवढ्याच भांडवलावर, नॅसकार या अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींच्या मालिकेत आपल्या पहिल्या पूर्ण हंगामात उतरून त्यांनी सर्वोत्तम नवोदित चालकाचा मान मिळवला. मालक आणि चालक तेच होते, आणि गाडीच्या जुळणीतही त्यांचा शब्द अखेरचा असे. ज्युनिअर जॉन्सन यांच्यासारख्या मातब्बर संघमालकाने देऊ केलेली चालकाची जागा नाकारून ते स्वतःच्याच संघात राहिले, या निर्णयाबद्दल आम्हाला आजही नितांत आदर वाटतो.

१९९२ च्या सप्टेंबरमध्ये डोव्हरच्या शर्यतीत गाडी आदळल्यावर ते हंगामाच्या गुणतक्त्यात आघाडीवरच्या चालकापेक्षा २७८ गुणांनी मागे पडले आणि हंगामाच्या सहाच शर्यती उरल्या होत्या. तरीही १५ नोव्हेंबरला अटलांटाच्या अखेरच्या शर्यतीत ते विजेतेपदाच्या दावेदारांत होते. तेथे पिटमधून (शर्यतीदरम्यान इंधन व टायरसाठी थांबण्याच्या जागेतून) निघताना त्यांचा पहिला गिअर मोडला, त्यामुळे पुढच्या प्रत्येक थांब्यानंतर सहकाऱ्यांना गाडी ढकलावी लागली. गिअर घडवणाऱ्या आम्हाला त्या दिवसातील हाच तपशील सर्वाधिक भिडतो. सर्वाधिक फेऱ्यांत आघाडीवर राहणाऱ्यास पाच जादा गुण मिळत असल्याने मुख्य मेकॅनिक पॉल अँड्र्यूज आणि कुल्विकी यांनी किती फेऱ्या पुढे राहायचे याचा चोख हिशेब ठेवला होता. शर्यत विजेतेपदाचे दुसरे दावेदार बिल एलियट यांनी जिंकली, परंतु आघाडीच्या फेऱ्या कुल्विकींच्या १०३ आणि एलियट यांच्या १०२ भरल्या. हंगामाचे विजेतेपद दहा गुणांनी कुल्विकींकडे आले. तीच एक फेरी एलियट यांच्याकडे गेली असती, तर गुण समान होऊन हंगामातील अधिक विजयांच्या बळावर तेच विजेते ठरले असते.

१ एप्रिल १९९३ रोजी ब्रिस्टलच्या शर्यतीला जाताना टेनेसीत झालेल्या विमान अपघातात कुल्विकी गेले. जिमी हेन्स्ली यांनी काही काळ त्यांची गाडी चालवली आणि त्याच वर्षी जेफ बोडीन यांनी संघ विकत घेतला.

कुशल माणसे हाताशी असूनही मालकाविना संघ आपल्या नावाने उभा राहिला नाही, हे लक्षात घेऊन आम्ही प्रत्येक गिअरची मापे, धातूची प्रत आणि उष्णता प्रक्रियेचे तपशील पहिल्यापासून लिहून ठेवतो. भागीदारीत आता आमचे दोन जुने कारागीरही आहेत आणि दर ठरवण्यापासून काम नाकारण्यापर्यंतचे सर्व निर्णय ते आमच्याइतक्याच अधिकाराने घेतात.