कवटीतला साठा: 1755 हा आकडा कुठून आला

मंडळी, दोन महिन्यांची नोंद एकदम लिहितोय. मधले तीन आठवडे मी चुकीच्या फायली मोजत होतो, आणि ती चूक नीट उलगडल्याशिवाय लिहिण्यात अर्थ नव्हता.

नव्याने आलेल्यांसाठी दोन शब्द. माझी नोकरी पाटबंधाऱ्याची. धरणाचा साठा काढायचा म्हणजे समोच्च रेषांच्या आतलं क्षेत्रफळ घ्यायचं, दोन रेषांमधल्या उंचीने गुणायचं आणि बेरीज करत वर यायचं. निवृत्तीनंतर एमआरआयमधून कवटीच्या पोकळीचं आकारमान काढायचा नाद लागला, तेव्हा कळलं की हिशोब तोच आहे. फक्त दलघमीच्या जागी मिलिलिटर. प्रौढ माणसात ही पोकळी साधारण 1200 ते 1700 मिलिलिटर भरते.

काम चाललंय ओॲसिस-1 या एमआरआय चित्रांच्या खुल्या संचावर. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने 2007 साली तो सगळ्यांसाठी मोकळा केला. 18 ते 96 वयाची 416 माणसं, नावं काढून टाकलेली, चेहरेही पुसलेले. रेषा काढायला आयटीके-स्नॅप हे सॉफ्टवेअर वापरतो. पद्धत ऑस्ट्रेलियातल्या 2000 सालच्या एका अभ्यासाची: डोक्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे घेतलेल्या एक मिलिमीटर जाडीच्या स्लाइसपैकी (कापांपैकी) दर दहावी स्लाइस हाताने रेखली तरी पुरते. एका डोक्यामागे तेरा-चौदा रेषा, म्हणजे माझ्या हाताला एक संध्याकाळ.

आता चुकीबद्दल. पहिल्या तीन डोक्यांची उत्तरं 1700 ते 1800 यांच्या मध्येच आली. तिन्ही स्त्रिया, वयं 74, 55 आणि 73. एवढ्या मोठ्या कवट्या, त्याही तिघींच्या, आणि जवळजवळ सारख्या? संचासोबतच्या तक्त्यात त्यांचं अंदाजे आकारमान अनुक्रमे 1344, 1147 आणि 1454 दिलंय. मी रेषा पुन्हा काढल्या. उत्तर हललं नाही. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना आहे, प्रमाणकाचा: 1.306, 1.531, 1.207. एका रात्री सहज गुणाकार करून पाहिला. 1344 गुणिले 1.306 म्हणजे 1755. 1147 गुणिले 1.531 म्हणजे 1756. 1454 गुणिले 1.207 म्हणजे पुन्हा 1755. मी खुर्चीतून उठलोच.

झालं होतं असं, की प्रत्येक माणसाच्या फोल्डरमध्ये मूळ मापाचं चित्र असतं आणि शेजारीच टी88 नावाचं दुसरं. या दुसऱ्या चित्रात डोकं ताणून-दाबून एका ठराविक नमुन्याच्या, म्हणजे नकाशाच्या, डोक्यावर बसवलेलं असतं. मी तेच उघडून बसलो होतो. म्हणजे तीन आठवडे मी तीन बायकांची नव्हे, त्या नकाशाचीच कवटी मोजत होतो.

पण वेळ वाया गेला असं मला वाटत नाही, कारण तक्त्यातला आकडा कसा तयार होतो ते यातून हाताला लागलं. तिथे कवटीची आतली कड कुणी शोधलेलीच नाही. डोकं नकाशाइतकं व्हायला आकारमानात किती पट वाढवावं लागलं तेवढं पाहायचं, आणि नकाशाच्या 1755ला त्या पटीने भागायचं. 1.306 पट म्हणजे लांबी-रुंदी-उंची प्रत्येकी सरासरी नऊ टक्क्यांनी ताणली. फ्रीसर्फर हे मेंदूची मापं आपोआप काढणारं सॉफ्टवेअरही हेच करतं, फक्त त्याचा नकाशा वेगळा असल्यामुळे तिथे भाज्य सुमारे 1948 घनसेंटिमीटर आहे. हा रॅंडी बकनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली मांडलेला मार्ग. युक्ती सुंदर आहे, वेगवान आहे, पण फ्रीसर्फरने दिलेला आकडा वापरताना तो मोजलेला नाही, जुळवणीतून काढलेला आहे, हे ध्यानात ठेवा. जुळवणी थोडी तिरकी बसली तरी आकडा ऐटीत छापला जातो. म्हणून मी आता प्रत्येक जुळवणी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.

मग मूळ मापाची चित्रं उघडली आणि खरी अडचण सुरू झाली. टी1 या प्रकारच्या एमआरआय चित्रात मेंदूभोवतीचं पाणी, म्हणजे सीएसएफ, काळं दिसतं. कवटीचं घट्ट हाडही काळंच. काळ्यातून काळ्याची कड काढायची. धरणावर संध्याकाळी पाण्याची रेघ कुठे आणि ओला काठ कुठे हे जसं कळेनासं होतं, तसंच. हाडाच्या आतली मज्जा तेवढी उजळ दिसते, तिच्यावरून अंदाज बांधावा लागतो.

याआधी माझा सगळा जीव खालच्या कडेत अडकलेला असायचा. कवटीच्या तळाचं मोठं छिद्र, फोरामेन मॅग्नम, तिथे पोकळी कुठे संपवायची? मी छिद्राच्या पुढच्या काठापासून मागच्या काठापर्यंत सरळ रेघ धरतो. ती दोन मिलिमीटर वर-खाली झाली तर काय, या चिंतेने दोन आठवडे खाल्ले. शेवटी हिशोब मांडला. छिद्र साधारण साडेतीन बाय तीन सेंटिमीटर, क्षेत्रफळ आठ-एक चौरस सेंटिमीटर. दोन मिलिमीटरची चूक म्हणजे दीड मिलिलिटरच्या आसपास. बस. आता उलट बाजू पाहा: 1400 मिलिलिटरची पोकळी गोल धरली तर तिचा पृष्ठभाग सुमारे 600 चौरस सेंटिमीटर होतो. माझी रेषा सगळीकडून फक्त एक मिलिमीटर आत पडली, तर 60 मिलिलिटर गायब, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. एका व्हॉक्सेलची, म्हणजे चित्रातल्या एका घन ठिपक्याची, जाडी! त्या दिवसापासून मी छिद्राला दहा मिनिटं देतो आणि उरलेला वेळ कपाळापासून मानेपर्यंतच्या त्या काळ्या पट्टीला.

याची भीती आणखी एका कारणाने वाटते. तरुण मेंदू हाडाला जवळजवळ टेकलेला असतो, त्यामुळे कड चटकन दिसते. वय वाढतं, मेंदू आक्रसतो, काळी पट्टी रुंदावते आणि हात नकळत आत सरकतो. म्हणजे माझी चूक वयाबरोबर एकाच दिशेला वाढणार, आणि मला तर वयाचाच परिणाम पाहायचाय.

पडताळ्यासाठी लंडनचा आयएक्सआय संच घेतला. तिथल्या तीन रुग्णालयांत घेतलेले जवळपास 600 निरोगी माणसांचे स्कॅन आहेत, आणि टी1बरोबर प्रोटॉन डेन्सिटी या दुसऱ्या प्रकारची एमआरआय चित्रंही आहेत. त्यांत सीएसएफ उजळ दिसतं, हाड काळं. कड अगदी चुन्याने आखल्यासारखी. एकाच डोक्यावर दोन्ही प्रकारे रेषा काढून पाहिल्या. टी1वरची माझी रेषा बहुतेक ठिकाणी आतच होती, कपाळामागे आणि वर टाळूपाशी सर्वांत जास्त. हाताला आता वळण लावतोय. ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी आधी प्रोटॉन डेन्सिटीवरच हात बसवावा, असं माझं ठाम मत झालंय.

सूत्राबद्दल एक तपशील. धरणावर आम्ही दोन क्षेत्रफळं आणि त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ घेणारं शंकूचं सूत्र वापरायचो. इथेही तेच लावलं. पण कवटी बाहेरच्या बाजूने फुगीर आहे, आणि फुगीर आकाराला हे सूत्र दोन स्लाइसांमध्ये थोडं कमीच देतं. शिवाय दोन्ही टोकांच्या टोप्या सुटतात. त्यापेक्षा कॅव्हालिएरीची साधी बेरीज बरी: पहिली स्लाइस एक ते दहामधून चिठ्ठी टाकून निवडा, मग दर दहावी, क्षेत्रफळांची बेरीज गुणिले एक सेंटिमीटर. चिठ्ठीमुळे चूक एका बाजूला झुकत नाही. मी चिठ्ठ्या खरोखर काढतो, देवघरातल्या तांब्यातून.

एवढा खटाटोप कशासाठी, तर त्याच तीन बायकांसाठी. तक्त्यात मेंदूने पोकळीचा किती भाग व्यापलाय तेही दिलंय: 0.743, 0.810 आणि 0.708. गुणून पाहा. मिलिलिटरमध्ये मेंदू अनुक्रमे सुमारे 999, 929 आणि 1029. म्हणजे नुसता मेंदू मोजला असता तर 73 वर्षांची तिसरी बाई सर्वांत भरलेली ठरली असती. प्रत्यक्षात तिचं पात्र सर्वांत रिकामं आहे, आणि तिघींपैकी तिच्याच नोंदीत अतिसौम्य स्मृतिभ्रंश लिहिलाय. प्रौढपणी कवटी बदलत नाही. मेंदू कधीकाळी केवढा होता याची ती पूर्ण संचय पातळीसारखी खूण ठेवते.

कवट्या मोजण्याला वाईट इतिहासही आहे. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल मॉर्टनने कवट्यांत आधी बिया आणि मग शिशाच्या गोळ्या भरून मापं घेतली आणि त्यावरून वंशांची उतरंड लावली. इरावती कर्वे बर्लिनला गेल्या तेव्हा त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हेही असल्याच मताचे होते. बाईंनी 149 कवट्यांची मापं घेतली आणि कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधल्या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही असं प्रबंधात लिहून दिलं. काम करताना मला त्यांची आठवण येते. मी कुणाची कवटी कुणाहून मोठी हे कधीच मांडत नाही. प्रत्येकाचा मेंदू त्याच्याच कवटीशी ताडायचा.

सध्या ओॲसिसमधली ती 20 माणसं घेतली आहेत ज्यांचं 90 दिवसांच्या आत दुसऱ्यांदा स्कॅनिंग झालं. कवटी तीच, त्यामुळे दोन उत्तरांत जो फरक पडेल तो माझ्या हाताचा आणि यंत्राचा. दुसऱ्या स्कॅनच्या रेषा काढताना पहिलं उत्तर दिसू नये म्हणून फायलींची नावं बायकोकडून बदलून घेतली आहेत. चार जणांचे दोन्ही स्कॅन रेखून झालेत, पाचव्याची चिठ्ठी निघाली आहे: सातवी स्लाइस. विसाव्यानंतर तिची वही उघडू.