गाडीच्या ब्लोअरचा करपट वास, पुढचा भाग: रेझिस्टर नवा, तरी चार नंबरवर वास का?

सापडला एकदाचा! गाडीतल्या ब्लोअरच्या (व्हेंटमधून हवा फेकणाऱ्या पंख्याच्या) वासाचं मूळ. गेल्या अपडेटमध्ये पंख्याचा स्पीड ठरवणारा रेझिस्टर नवीन टाकला होता, जुन्याचा थर्मल फ्यूज (जास्त तापलं की करंट तोडणारा) उडालेला होता त्यामुळे तो बदलणं भागच होतं, आणि दोन-तीन नंबरवरचा वास खरंच गेला. पण लांबच्या ड्राइव्हला पंखा चारवर, म्हणजे सगळ्यात जोरात, ठेवला की थोड्या वेळाने व्हेंटमधून परत तोच गरम प्लास्टिकचा करपट वास, आणि आता फक्त चारवरच. डोकं फिरायची वेळ आली, कारण चार नंबरला करंट रेझिस्टरच्या कॉईलमधून जातच नाही, बायपास होतो. मग तापतंय काय?

बाकीचे संशयित पटापट बाद केले. रीसर्क्युलेशनवर टाकलं तरी वास तसाच, म्हणजे इंजिनच्या गरम मॅनिफोल्डवर तेल ठिबकून त्याचा वास काउलमधून (पुढच्या काचेखालून बाहेरची हवा घेतात तिथून) आत येतंय असं नाही. एसी बंद ठेवूनही येतो, म्हणजे कॉम्प्रेसर क्लच नाही. गोडसर वास नाही, काचेवर चिकट धुकं नाही, कूलंट लेव्हल जागच्या जागी, म्हणजे हीटर कोअर (गरम कूलंटचा केबिनमधला छोटा रेडिएटर) गळत नाहीये, त्यालाही सुट्टी. राहिलं काय, तर ब्लोअर मोटर आणि तिच्यापर्यंत जाणारी वायरिंग.

ग्लोव्ह बॉक्स उतरवला, कनेक्टर न काढता मागून प्रोब घातले आणि पंखा चारवर असताना रेझिस्टरच्या कनेक्टरची मोटरकडे जाणारी पिन मोजली, कारण चारही स्पीडचा करंट शेवटी त्याच एका पिनमधून जातो. तिथल्या तिथे १.२ व्होल्टचा ड्रॉप, म्हणजे एवढं व्होल्टेज जोडातच वाया जातंय! धड जोडावर ०.१ च्या आत असायला पाहिजे. क्लॅम्प मीटर (वायरभोवती पकडून करंट मोजणारा) लावला तर २१ अँपिअर. गुणाकार करा, २५ वॅट त्या एवढ्याशा पिनवर, म्हणजे कनेक्टरमध्ये एक छोटी सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखंच. काढून बघितलं तर त्या पिनभोवतीचं हाउसिंग तपकिरी, आणि टर्मिनलची पकड इतकी ढिली की पिन स्वतःच्या वजनाने बाहेर आली. आणि ३० चा फ्यूज मजेत बसलेला, कारण करंट त्याच्या मर्यादेतच होता, जोड कुठे तापतोय हे फ्यूजला कळणार कसं.



पण मला खटकला तो २१ चा आकडा. केबिन फिल्टर बदलताना मी चार नंबरच्या करंटची नोंद करून ठेवतो आणि मागची नोंद १४ ची होती. इथे सगळे लगेच म्हणतात केबिन फिल्टर चोक असेल. फिल्टर चोक झाला तर रेझिस्टरला थंड करणारी हवा कमी होते आणि रेझिस्टर तापतो, हे बरोबर, पण मोटरचा करंट वाढत नाही, उलट कमी होतो. हवा हलली नाही की पिंजऱ्याच्या पंख्यावर लोडच राहत नाही, मोटर हलकी होऊन जास्त जोरात फिरते, व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड हाताने बंद केलं की आवाज चढतो ना, तेच. म्हणजे करंट वाढलाय तर मोटर स्वतःच जड झालीये.

तीन स्क्रू काढून मोटर खाली घेतली. पंखा हाताने फिरवला तर अर्धा फेरा मारून थांबला. आत पानं-बिनं काही नाही, पण बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो तो) कोरडा ठणठणीत. टर्बाइन ऑइलचे मोजके थेंब, मुरायला रात्रभर ठेवली. (गंज सोडवायचा स्प्रे इथे मारू नका प्लीज, बुशमधलं होतं नव्हतं तेल धुऊन काढतो आणि कम्युटेटरवर (कार्बन ब्रश घासतात त्या भागावर) गेला तर कार्बनच्या भुकटीचा चिखल.) सकाळी पंखा आरामात फिरत राहिला, आणि गाडीवर चढवून मोजलं तर १५! त्या आकड्याकडे मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

कनेक्टरसाठी नवीन पिगटेल (वायरचे तुकडे लावलेला तयार कनेक्टर) टाकली. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच पिगटेलची वायर मूळ वायरपेक्षा बारीक असते आणि वरचं जाड इन्सुलेशन बघून फसायला होतं, म्हणून मी हाउसिंग तेवढं ठेवलं आणि ६.३ मिमीची टर्मिनल जाड वायरवर नव्याने क्रिम्प केली. सोल्डर नाही, सोल्डर वायरीत वर चढून ती तिथे कडक होते आणि व्हायब्रेशनने नेमकी तिथेच तुटते. त्यासाठी रॅचेटवाला क्रिम्पर पाहिजे, साध्या पकडीने दाबलेला जोड हा उद्याचा गरम जोडच समजा. आता ड्रॉप ०.०६.

प्लॅन असा होता की रेझिस्टर काढून पीडब्ल्यूएम कंट्रोलर (करंट झटपट चालू-बंद करून स्पीड ठरवणारा मॉड्यूल) टाकायचा, मागे डायग्रॅमही टाकली होती. ते सध्या रद्द. जड मोटरवर तो मॉड्यूलही तापलाच असता. नवीन मोटर मागवायच्या बेतात होतो, पण हे लिहिता लिहिता सुचलं की आधी कनेक्टरवर थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवून वायर ग्लोव्ह बॉक्समधून बाहेर काढावी आणि भर दुपारी पंखा चारवर ठेवून लांब चालवावं. आतल्या हवेपेक्षा ३० अंशांहून जास्त चढलं किंवा करंट परत १७-१८ कडे सरकला तर मोटर मागवतो, नाहीतर हीच चालेल.

आणि मागच्या वेळी थर्मल फ्यूजला जंपर मारू (वायर जोडून तो बायपास करू) का विचारणाऱ्यांनो, नाही म्हणजे नाही. रेझिस्टर जास्त तापला की करंट तोडणं हेच त्याचं काम आहे.