फूल काढलंस, भुंगा कुठाय?

मी चादरीचे आणि टॉवेलचे ग्राफ काढतो. चौकोनाच्या कागदावर नक्षी बसवायची, त्यावरून कार्डं पंच करायची, ती जेकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, चढली की मागावर फूल उमटायला लागतं. हल्ली हे कॉम्प्युटरवर होतं, पण व्यापाऱ्यांची मागणी तीच: गुलाब, कमळ, मोर. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण सोलापूरच्या माळावर उगवणारं एखादं फूल तिच्यावर असावं, असं कुणाला वाटत नाही. मला वाटतं, आणि ही खोड आपल्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी लावलेली आहे. शाळेच्या महोत्सवाच्या निमित्तानं त्यांच्याविषयी हे थोडंसं.

आम्ही सोलापूरची मुलं, पण निसर्गचित्र म्हटलं की दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी आणि झोपडी. सरांनी एकदा अख्ख्या वर्गाला खिडकीपाशी उभं केलं आणि विचारलं, "यातला डोंगर कुठला रे?" पुढच्या तासापासून आमची वरात शाळेमागच्या कुंपणापलीकडे. तिथं तरवड, रुई, हिवर, बोरीची झुडपं आणि पायमोज्यात घुसणारी कुसळं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारीही तिथंच. नुसतं फूल काढून दाखवलं की सर म्हणायचे, "फूल काढलंस, भुंगा कुठाय?" आणि निम्मेच गुण. आता भुंगा काय चित्रासाठी बसून राहतो?

पण त्या छळापायी तरवड नीट बघितली. पिवळ्या पाकळ्या पाच, हे कुणीही सांगेल. आतले दहा पुंकेसर मात्र सारखे नसतात. काही आखूड, काही लांब आणि वाकलेले. त्यांच्यासमोर तसाच बाकदार स्त्रीकेसर. पराग वर कुठं दिसत नाहीत. ते परागकोशाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून बाहेर पडतात, मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसे, आणि डबी हलवायला भुंगा लागतो. तो फुलाला घट्ट धरतो आणि अंग थरथरवतो. उडतानाची गुणगुण बंद होऊन एकदम चढा, तुटक आवाज येतो. आपल्या पोळ्यातल्या मधमाशीला हे जमत नाही. मध तर या फुलात नसतोच. हे शास्त्र मी फार पुढे वाचलं. आवाजातला फरक मात्र सरांनी पेन्सिल खाली ठेवायला लावून ऐकवला होता.

रुईवर पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी सापडायची. रुईचा विषारी चीक पचवून ती प्लेन टायगर फुलपाखरू होते आणि त्या विषामुळेच पक्षी त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत. आम्ही पट्टे मोजून रंग भरायचो. शाळेतल्या कुठल्याही तासाला मी इतका गप्प बसलेलो नाही.

आमच्या घरी तेलुगू. नवरात्राच्या सुमारास बतकम्मा, म्हणजे सणाची फुलांची उतरंड, रचायला आईला तरवडीची फुलं लागायची. ती त्यांना तंगेडू म्हणायची. सकाळी ताटात थरावर थर लावलेलं फूल दुपारी शाळेच्या कागदावर. आता माळाचे प्लॉट पडलेत, तरवडीसाठी लांब जावं लागतं. बायका झेंडू-शेवंतीवर भागवतात.

शाळेची सहल नान्नजला गेली होती. तिथलं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य १९७९ चं. कागदावर त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, शेतं आणि गावं धरून. पुढे ते १,२२२ वर आणलं. माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो आणि त्याला दूरवरचं दिसणारं गवत लागतं. आपण मात्र माळ म्हणजे पडीक जमीन समजतो आणि झाडं लावून तो सुधारायला जातो. वृक्षारोपणाचे फोटो छान येतात, गवताचे येत नाहीत. चित्रकाराचीही तीच अडचण आहे. माळ काढायला बसलं की आधी वाटतं, इथं काढण्यासारखं काहीच नाही.

पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेत १८४७ ते १८५० या काळात बागेचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी एका भारतीय-पोर्तुगीज चित्रकाराकडून वनस्पतींची चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या बोटॅनिक गार्डनमध्ये जपून ठेवली आहेत. चित्रकाराचं नाव कुणाला ठाऊक नाही. आम्हा ग्राफवाल्यांना त्याचं नवल वाटत नाही. चादरीवर कारखान्याचं लेबल असतं, आमचं नाव कुठलं?

मध्यंतरी हौसेनं तरवडीचा ग्राफ बसवला. चौकोनात तिरकी रेघ म्हणजे पायऱ्या, त्यामुळे बाकदार स्त्रीकेसरानं फार दमवलं. सॅम्पल टॉवेल बघून व्यापारी म्हणाले, "फूल चांगलंय, पण हा किडा काढा." मी काढला नाही, ऑर्डर गेली. तो टॉवेल शाळेच्या महोत्सवातल्या प्रदर्शनासाठी दिला आहे.

महोत्सवाच्या समितीला एक विनंती. कमान उभारा, रंग द्या, फरशी घाला, पण शाळेमागच्या कुंपणाकडच्या पट्ट्यात जेसीबी घालू नका. तिथं अजून तरवड आहे. पावसाळा सरता सरता ती भरात येईल, तेव्हा शनिवारी सकाळी मी यायला तयार आहे. मुलांनी कागद आणि पॅड आणावं. भिंग माझ्याकडे आहे.