मिसळणाच्या डब्यातले स्क्रू

बाबांचा लॅपटॉप २०१४चा. सोसायटीचा सगळा हिशेब त्याच्या पोटात. बटण दाबायचं, चहा टाकायचा, तो पिऊन कप विसळून ठेवायचा, तोवर स्वारी जागी झालेली असायची. "नवा घेऊया" म्हटलं की उत्तर एकच, "चालतोय की." चालत होता, खोटं नाही. बैलगाडीही चालते.

शेवटी एका रविवारी मीच तो उघडायला घेतला. अशा लॅपटॉपात खरं म्हातारं झालेलं असतं ते बहुतेक वेळा एकच, हार्ड डिस्क. आत एक चकती मिनिटाला ५,४०० फेरे घेते आणि एक चिमुकला हात तिच्यावर इकडून तिकडे पळत माहिती वेचतो. एकच मोठी फाईल सलग वाचायची तर ठीक. पण लॅपटॉप सुरू होताना हजारो बारक्या फायली लागतात, त्याही चकतीभर विखुरलेल्या. बिचारा हात नुसता धावत राहतो. ती कुरकुर आम्ही इतकी वर्षं ऐकत होतो. तिच्या जागी बसते ती एसएसडी, माहिती चिपांत ठेवणारी डिस्क. तिच्यात चकतीही नाही आणि पळापळही नाही.

ती आणायला लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण तसं विचारणारा भेटलेला नाही. सोबत रॅम, म्हणजे चालू कामापुरती स्मृती, मागितली तर दुकानदार म्हणाला, "थ्री की थ्री-एल?" मी गप्प. त्याने मॉडेल विचारलं आणि थ्री-एल काढून दिली. साधी डीडीआर-थ्री १.५ व्होल्टची, ही १.३५ची, फरक एवढाच, पण चुकीची आणली असती तर परत ग्रँट रोड.

स्क्रू तीन लांबीचे निघाले. लांबडा चुकून आखूड्याच्या भोकात पिळला तर खालच्या बोर्डालाच जखम, म्हणून मी आईचा मिसळणाचा डबा रिकामा करून घेतला. मोहरीच्या वाटीत आखूड, जिऱ्याच्या वाटीत मधले, हळदीच्यात लांब. "फोडणीत पडला एखादा म्हणजे?" आई. हळदीच्या वाटीतले अजूनही पिवळेच असतील.

पंख्याजवळ धुळीची चक्क गोधडी विणलेली होती. हवा बाहेर पडायची तीच जाळी बंद. तापलं की प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे अर्धा आळस त्याचा नव्हताच, आमच्या झाडलोटीचा होता. ब्रशने गोधडी काढली, प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावली, एसएसडी बसवली, चार जीबीची रॅम आठ जीबी केली.

विंडोज दहाचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि अकरा या प्रोसेसरला दारात उभं करत नाही. ठणठणीत यंत्राला असं वयावरून घरी बसवणं मला तरी पटलं नाही. आधी हिशेब पेन ड्राइव्हवर घेतले, मग विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली. बाबांच्या एक्सेलच्या फायली लिब्रे ऑफिसात उघडल्या, बेरजाही तशाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी बटण दाबलं आणि सवयीने स्वयंपाकघरात गेले. चहा झाला, कप विसळून झाला. इकडे लॅपटॉप कधीच उठून, कुणी विचारेना म्हणून पडदा काळा करून पुन्हा झोपला होता.

"अरे," बाबांनी हाक मारली, "तुझी ती एसएसडी फुकट गेली. अजून सुरू होतोच आहे बघ."