नवी पद्धत दोन महिन्यांत परत जुनी का होते?

जळगाव-धुळ्याकडचे कारखानदार आणि व्यापारी भेटले की एक प्रश्न हमखास विचारतात. "नवीन सॉफ्टवेअर घेतलं, माणसांना शिकवलं, सुरुवातीला बरं चाललं. मग दोन महिन्यांत सगळं पुन्हा पहिल्यासारखं का झालं?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक ठिकाणी जुनी पद्धत कामगार जिवंत ठेवत नाहीत, मालक ठेवतात. दाल मिलचंच बघा. आवक, साठा, उत्पादन सगळं संगणकावर चढवायचं ठरलेलं असतं. सकाळी शेठचा फोन येतो, "मुनीमजी, तूर किती पडली आहे?" मुनीमजी खिशातली डायरी काढतात आणि आकडा सांगतात. आकडा बरोबरच असतो. पण ऑफिसातल्या प्रत्येकाला त्या क्षणी कळतं की शेठचा भरवसा डायरीवर आहे. मग संगणकातली नोंद आठवड्यातून एकदा, एकगठ्ठा होते, त्यात चुका होतात, आणि शेवटी सगळे म्हणतात की सॉफ्टवेअरच चुकीचं दाखवतं. म्हणून पहिला नियम मालकाला लागू. साठा विचारायचा तो स्क्रीनवरचाच. जुळत नसेल तर कोणती नोंद अडली ते शोधायला लावायचं, डायरीतला आकडा घेऊन काम भागवायचं नाही.

आता डायरी बरोबर का असते, ते समजून घ्या, कारण खरी मेख तिथे आहे. १०० क्विंटल तूर १२ टक्के ओलाव्याची आली आणि वाळवून १० टक्क्यांवर आणली, तर वजन ९७.७८ क्विंटल भरतं. सव्वादोन क्विंटल निव्वळ पाणी उडालं. मुनीमजी ही घट अंदाजाने वजा करतात, बारदानाचं (रिकाम्या गोणीचं) वजनही वजा करतात, आणि हे कुठेच लिहिलेलं नसतं. सॉफ्टवेअरमध्ये घटीचा रकाना नसेल तर साठा कधीच जुळणार नाही. प्रत्येक लॉटला डाळ, चुनी (डाळीचा चुरा), टरफल आणि घट यांची बेरीज आवक तुरीइतकी आली पाहिजे, असा हिशेब आधी कागदावर बसवा. तो बसवायला मुनीमजींनाच बसवा. त्यांना शिकणारा म्हणून कोपऱ्यात बसवलं तर पंचवीस वर्षांच्या पोराकडून शिकायचा कमीपणा वाटतो. नव्या पद्धतीतल्या चुका काढायचं काम त्यांच्याकडे दिलं तर त्यांचा मान राहतो, आणि चुकाही खऱ्याच सापडतात.

दोन्ही पद्धती सोबत चालवाव्या लागतात, पण किती दिवस, हे आधी ठरवा. महिन्याच्या १ तारखेला सुरू करा, पुढच्या महिन्याच्या २० तारखेला संपवा. कारण दरमहा रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी (कराचा गोषवारा) २० तारखेपर्यंत जातं. एका पूर्ण महिन्याचे आकडे सरकारदरबारी जाईपर्यंत दोन्हीकडे तपासले की पुरे. त्यापुढे दुहेरी नोंद चालू ठेवली तर माणसं थकतात आणि जे नवं असतं तेच आधी सोडतात. २० तारखेला जुन्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर सही करून ते कपाटात कुलूपबंद करा. कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये बदलाचे तीन टप्पे मांडले: जुनं सैल करणं, बदल करणं, नवं पक्कं करणं. आपल्याकडे तिसरा टप्पा राहून जातो. आणि सुरुवातीचा साठा गोण्या मोजून भरा, रजिस्टरातून उतरवू नका, नाहीतर जुन्या चुका पहिल्याच दिवशी आत येतात.

महिना कोणता? तुरीचा हंगाम जानेवारी ते मार्च, तेव्हा हात लावू नका. १ एप्रिल हिशेबाला सोयीची वाटते, पण ऐन मध्यात आखाजी (अक्षय तृतीया) येते आणि माणसं गावाकडे जातात. माझ्या मते १ जून चांगली. पावसाने उन्हातली वाळवण थांबते, मिल जरा मोकळी असते, आणि श्रावणातल्या कानबाईच्या उत्सवाआधी २० जुलै निघून जाते. अडचण एकच, वाळवणीची घट या दिवसांत तपासता येत नाही. त्यासाठी मे महिन्यातले पाच-सहा लॉट जुन्या नोंदींवरून भरून बघा.

यंत्र आणायचं असेल तर प्रश्न मानाचा राहत नाही, पोटाचा होतो. कन्व्हेयर येणार म्हटल्यावर हमाल एवढंच विचारतात, "मंग आमनं काय व्हई?" याचं उत्तर आकड्यात द्यावं लागतं. रोज ६०० गोण्या, उतराई (ट्रकमधून उतरवणं) आणि थप्पी (एकावर एक रचणं) अशा दोन उचली, म्हणजे १२०० उचलींची मजुरी. कन्व्हेयरने थप्पीची उचल गेली आणि दर तोच राहिला तर टोळीची कमाई निम्मी. दर वाढवणार, की काही जणांना पॅकिंगला घेणार, हे यंत्राची ऑर्डर देण्याआधी ठरवा, आणि आधी मुकादमाशी एकट्याशी बोला. टोळीसमोर पहिल्यांदा ऐकलं तर त्याला विरोध करण्यावाचून गत्यंतर नसतं. माथाडी मंडळात (हमालांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी मंडळात) नोंद असलेली माणसं असतील तर मंडळालाही कळवा. कायम कामगारांच्या मजुरीची पद्धत किंवा पाळ्या बदलायच्या, किंवा ज्याने कपात होईल असं यंत्र आणायचं, तर २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. तोंडी सांगितलेलं पुरत नाही.

पहिल्या पंधरा दिवसांत रोज एक गोष्ट तपासा: नोंदींची वेळ. सगळ्या आवक नोंदी संध्याकाळी सहा ते सातमध्ये पडलेल्या दिसल्या, तर दिवसभर कागदावर लिहिणं चालू आहे. अशा वेळी ओरडू नका, वजनकाट्यापर्यंत चालत जा. बहुधा संगणक वरच्या मजल्यावर, एसी केबिनमध्ये असतो, आणि काट्यावरच्या माणसाने ट्रक उभा ठेवून जिना चढावा अशी आपली अपेक्षा असते. तो संगणक काट्याच्या खोलीत आणा, धुळीसाठी वर झाकण आणि वीज गेली तर यूपीएस द्या.