तुम्ही विचारलंत म्हणून: कपडे का कापता?

"सिस्टर, पँट कापायची काय गरज होती, परवाच घेतलेली हो." कॅज्युल्टीतल्या कुठल्याही नर्सला विचारा, हे तिने ऐकलेलंच असणार. मागे एका बारशाला गेले तर तिथेही एका वहिनींनी गाठलं, त्यांच्या दिराचा ॲक्सिडेंट झाला तेव्हा सरळ कात्रीच चालवली म्हणे, काढता येत नाहीत का कपडे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

काढता येतात की. पण काढायचे तर माणसाला उठवून बसवायचं, हात वर करायचे, टी-शर्ट डोक्यावरून ओढायचा, आणि मानेचा मणका शाबूत आहे की नाही हे त्या घडीला कुणालाच माहीत नसतं. कात्रीला पेशंट हलवावा लागत नाही, बास.

आणि कात्री काही पहिली नाही चालत. रक्ताची धार लागली असेल तर आधी ती दाबून धरायची. मग एकीने डोकं-मान दोन्ही हातांत धरायचं नि दुसरीने विचारायचं, नाव काय तुमचं? नातेवाईक चिडतात, माणूस मरतोय आणि ह्यांना नाव पाहिजे. अहो, तो नाव नीट बोलला की श्वासाची वाट मोकळी आहे, मेंदूला रक्त पोचतंय, तो भानावर आहे, एवढं एका दमात कळतं. मग छाती दोन्हीकडून सारखी हलते का, नाडी, दोन्ही हातांत सलाइनच्या जाड सुया म्हणजे हिरव्या किंवा राखाडी रंगाची (पिवळी बाळांची असते, घाईत हाताला नेमकी तीच लागते), तिथूनच क्रॉसमॅचला, म्हणजे रक्तपेढीतलं रक्त जुळतं का ते बघायला, रक्त, डोळ्यांच्या बाहुल्या, जीसीएस म्हणजे शुद्धीचे गुण 15 पैकी किती, 8 किंवा खाली असला तर श्वासासाठी घशात नळी टाकायची तयारी. चौघी असलो तर हे सगळं एकदमच चालतं, नाइटला दोघी असलो तर कसं चालतं ते विचारू नका. कात्री त्याच्यानंतर.

मी नवीन होते तेव्हा कात्रीचा मलाच कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. एक मावशी आल्या, मुलाच्या गाडीवर मागे बसलेल्या, गतिरोधकावर उडून पडल्या. गडद हिरवं नऊवारी, कपाळाला खरचटलेलं, बोलत होत्या, बीपी 110/70. मी लिहून टाकलं स्टेबल. नाडी 126 होती, तीही लिहिली, पण भीतीने असेल म्हणून सोडून दिली. इन्चार्ज सिस्टर आल्या, पेपर वाचला, काहीच न बोलता मावशींच्या कमरेखाली हात सरकवला आणि बाहेर काढून माझ्यासमोर धरला. पांढरा ग्लोव्ह मनगटापर्यंत लाल.

नऊवारीचे थर नि वर गडद रंग, सगळं आत जिरत होतं, चादरीवर थेंब नाही. कासोटा कापला तेव्हा मांडीला मागच्या बाजूने ही एवढी जखम. जाड पट्टी दाबली, डॉक्टरांनी ट्रॅनेक्झा सांगितलं (रक्तस्राव कमी करायचं इंजेक्शन, ते 3 तासांच्या आत द्यायचं असतं), रक्त मागवलं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त, त्यातलं दीड लिटरच्या आसपास जाईपर्यंत बीपी बऱ्याचदा टिकून राहतं, आधी नाडी पळते. हे पुस्तकात वाचलेलं होतं हो, पण ग्लोव्ह बघितल्यावर डोक्यात शिरलं.

तेव्हापासून कापते, आणि पाठ बघितल्याशिवाय सोडत नाही. त्याला चार जण लागतात, डोक्याशी उभा असलेला एक-दोन-तीन मोजणार आणि सगळ्यांनी एकदम ओंडक्यासारखं वळवायचं. वॉर्डबॉय मामा ह्यात आमच्यापेक्षा तरबेज असतात. बघून झालं की लगेच ब्लँकेट, ते लाजेसाठी आहेच, पण अंग गार पडलं की रक्त नीट गोठत नाही.

कापायलाही रीत आहे. चाकूची, गोळीची केस असेल तर कपड्याच्या भोकातून कात्री न्यायची नाही, बाजूने न्यायची, पोलिसांना ते भोक जसंच्या तसं लागतं. असे कपडे कागदी पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये ओले कुजतात. दागिने रजिस्टरला, "पिवळ्या धातूचे मणी असलेली पोत 1", सोनं लिहायचं नाही, आम्ही काय सोनार आहोत का. खाली नातेवाइकाची सही.

मावशी वाचल्या. आठवड्याने टाके बघायला वॉर्डात गेले तर वाटलं आता साडीचं निघणार. त्यांनी विचारलं, कमरेला कपाटाच्या किल्ल्या होत्या त्या कुठायत. रजिस्टर उघडलं. पोत होती, जोडवी होती, किल्ल्या लिहायच्याच राहिलेल्या, अक्षर माझंच.